गोदा, स्त्रीलिंगी नाम

१२ नोव्हेंबर २०२५

काल दुपारी सव्वादोनला प्रीतमला मुलगी झाली. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. सून प्रियंका ठीक आहे. तिचं माहेर जबलपूरचं, पण तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून बाळंतपण इथे बालाघाटलाच करायचं ठरलं होतं. प्रीतम उकव्याच्या खाणीत सर्वेक्षणाच्या कामावर आहे. तो बसने संध्याकाळी पोचला आणि बाळाकडे बघत बराच वेळ नुसता उभा राहिला.

नाव शोधायचं काम माझ्याकडे आलं आहे. चौतीस वर्षं सरकारी शाळेत संस्कृत शिकवलेला माणूस घरात असताना ते दुसऱ्या कुणाकडे जाणार? नवी वही काढली, रकाने पाडले: नाव, मूळ, अर्थ, इतर भाषांतली रूपं, वापर. नुसतं कानाला गोड वाटलं म्हणून नाव ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. बाजारातून भाजी आणतानासुद्धा माणूस उलटीपालटी करून बघतो.

१४ नोव्हेंबर

माय-लेकी दवाखान्यातून घरी आल्या. वहीत सव्वीस नावं झाली. जेवताना मी यादी वाचून दाखवली. पहिलं नाव ऋतंभरा. प्रियंका म्हणाली, "पापाजी, नाम तो अच्छा है, पर बच्ची स्पेलिंग में ही थक जाएगी." तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. ऋ या अक्षराचे हिंदी मुलुखात फार हाल होतात.

प्रीतमची आई वरण वाढत होती. ती म्हणाली, "गोदा ठेवा."

प्रियंका हसली. "मम्मीजी, गोदा? स्कूल में सब गोदाम बोलेंगे." मग प्रीतम हसला, मीही हसलो. ती स्वतःही हसली आणि वरणाचं भांडं घेऊन आत गेली.

गोदा हे तिचं माहेरचं नाव. लग्नात मी ते बदललं. आपल्याकडे मुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची रीत आहे, त्याप्रमाणे १९८६ साली मी 'रचना' असं लिहिलं. त्या वर्षी मी एम. ए. करत होतो. राजेंद्र आणि रचना, दोन्हींची सुरुवात र-ने, ऐकायला नेटकं. शिवाय बालाघाटात सगळा व्यवहार हिंदीत; शेजारीपाजारी 'गोदाबाई' म्हणाले असते तर चांगलं दिसलं नसतं. त्या वेळी ते सगळ्यांनाच पटलं होतं. तिला विचारल्याचं आठवत नाही, पण तेव्हा तसं कुणीच विचारत नसे.

१५ नोव्हेंबर

कालची सूचना हसण्यावारी गेली, तरी नोंद करायला हरकत नाही, म्हणून 'गोदा' वहीत घेतलं. आश्चर्य म्हणजे एक पान पुरलं नाही.

संस्कृतात गो अधिक दा, म्हणजे गाय देणारी. पण 'गो'चा एक अर्थ पाणीही आहे, तेव्हा पाणी देणारी असाही विग्रह होतो. मराठीत गोदावरीचं घरगुती रूप. त्यावरून गोदी, गोदू, गोदाबाई. तमिळमध्ये कोदै असं मुलीचं नाव आहे, अर्थ फुलांची माळ. तिकडे संस्कृतात लिहिताना त्याचंच गोदा करतात. हिंदीत गोदा नाही, गोद आहे, म्हणजे मांडी किंवा कूस. गोदना म्हणजे गोंदवणं. समोरच्या घरात भाड्याने राहणाऱ्या छत्तीसगढच्या बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे गोड़ म्हणजे पाय. गाय, पाणी, माळ, कूस, पाय. एवढ्या लहान शब्दात एवढं सामान असेल असं मला वाटलं नव्हतं.

शेवटच्या रकान्यात 'वापर: जुनाट, खेड्यात' असं लिहिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आठला नेहमीप्रमाणे महागूदादाचा फोन. हा प्रीतमच्या आईचा मोठा भाऊ, खैरलांजीपलीकडच्या गावी असतो, वय त्र्याहत्तर. गेली कितीतरी वर्षं दर रविवारी आठला त्याचा फोन येतो आणि मी उचलला की तो एवढंच विचारतो, "गोदी हाय काय?" मला नमस्कारसुद्धा नाही. मीही काही न बोलता फोन तिच्याकडे देतो.

आज ती बराच वेळ बोलली. कापणी कुठवर आली, कोणत्या वाडीत धान पडलं, बाळाचं नाक कुणावर गेलं. नावाचा विषय निघाला तेव्हा तिने माझ्याकडे पाठ केली आणि हळू आवाजात म्हणाली, "म्या सांगतलं दादा. पाहू." दादा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. ती हसली मात्र.

१८ नोव्हेंबर

काल पहाटे महागूदादा गेला. धानाचे भारे आणायला निघाला होता, बैलबंडी जुंपता जुंपता खाली बसला, तो उठलाच नाही. त्याचा मुलगा पुनाराम याने फोन केला. आम्ही पहिल्या बसने वारासिवनीवरून गेलो. दुपारी सगळं उरकलं. गर्दी चांगली होती. माणूस सरळ होता.

परतताना बसमध्ये तिने तोंडावर पदर घेतला होता. वारासिवनी गेल्यावर म्हणाली, "आता मले गोदी म्हननारं कोनी नाही राह्यलं."

खरं आहे. आईवडील कधीच गेले, मोठी बहीण शांताबाई करोनात गेली. मी तिची समजूत घातली. म्हटलं, "नाव तं हाय नं तुह्यं. आधारवर हाय, राशन कार्डावर हाय, पासबुकावर हाय. कुठीच चूक नाही." माझ्या ओळखीत अशा पाच-सहा बायका आहेत ज्यांचं नाव प्रत्येक कागदावर वेगळं आहे आणि त्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत आहेत. हिच्यावर ती वेळ आली नाही, कारण मी पहिल्यापासून लक्ष घातलं.

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

२१ नोव्हेंबर

बारसं पुढे ढकललं. महागूदादाची तेरवी २९ला आहे, त्यानंतर ७ डिसेंबरच्या रविवारी करू. प्रियंकाच्या घरच्यांनीही समजून घेतलं.

संध्याकाळी पुनारामने तेरवीच्या कार्डाचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला. "फुफाजी, येक डाव नजर टाका, छापाले द्याचं हाय." मजकूर हिंदीत. शुद्धलेखनाच्या नऊ चुका निघाल्या. 'स्वर्गवास' चुकलेला, 'श्रद्धांजलि' चुकलेली. खाली शोकाकुल परिवारात 'गोदाबाई (बहन)' असं होतं. ते खोडून 'श्रीमती रचना राजेंद्र फुंडे (बहन)' केलं. आमच्या सगळ्या पाहुण्यांना आणि माझ्या शाळेतल्या लोकांना कार्ड जाणार. गोदाबाई कोण, हे कुणाला कळणार? पुनारामने हात जोडलेलं चित्र पाठवलं. वेळेवर नजर गेली म्हणून बरं.

२२ नोव्हेंबर

प्रीतम उकव्याहून आला. त्याच्याबरोबर काम करणारा एक जण राजमहेंद्रीकडचा आहे. त्याच्या आजीचं नाव गोदावरी आणि सगळं घर तिला गोदम्मा म्हणतं, असं त्याने सांगितलं. वहीत तेलुगू रूप म्हणून घेतलं. प्रीतम म्हणाला, "बाबा, नाव ठेवायचं नाही तर त्याच्यावर येवढं काहून लिहून राह्यले?" मी म्हटलं, अभ्यास म्हणून. तो म्हणाला, "आईले दाखवलं काय?" तिला कशाला दाखवायचं, हे माझ्या लक्षात आलं नाही. तिला व्युत्पत्तीत कधीच गोडी नव्हती.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आठला ती फोनजवळच्या स्टुलावर येऊन बसली. भाजी निवडायला घेतली होती. पाऊण तास झाला तरी मेथीची एक जुडी संपली नव्हती. फोन आला नाही. कोण करणार?

मला वाटलं तिच्याशी काही बोलावं. म्हणून 'गोदा'ची माहिती सांगितली आणि म्हटलं की नाव चांगलं आहे, पण नदी आपल्याकडची नाही. नाशिकची नदी, इकडे तिचा काय संबंध? आपल्याकडे वैनगंगा.

ती मान खाली घालूनच म्हणाली, "आमच्या गावचं पानी तिकडंच तं जाते."

"कोणं सांगतलं?"

"आजीनं. म्हनून तं नाव ठेवलं माह्यं. आजी म्हने, हे पोरगी आज इथं हाय, पन जाईल लंबी."

दुपारी नकाशा काढून पाहिला. वैनगंगा खाली चंद्रपूरकडे जाते, तिला वर्धा मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. म्हातारीचं बरोबर होतं. ती कधी खैरलांजीच्या पुढे गेली नसेल. जवळपास चाळीस वर्षं झाली लग्नाला, मी भूगोलाच्या शिक्षकांबरोबर एका खोलीत बसून डबा खाल्ला, आणि हे मला माहीत नव्हतं. 'मूळ' या रकान्यात भर घातली.

२९ नोव्हेंबर

तेरवी झाली. स्वयंपाक चांगला होता. भाषणं थोडी लांबली.

एक गोष्ट लिहून ठेवली पाहिजे. मांडवाच्या खांबाला कार्ड चिकटवलेलं होतं. ती पाचवी शिकलेली आहे, अक्षर लावून लावून वाचते. सगळं वाचून झाल्यावर तिने पुनारामला बोलावलं आणि बोट ठेवून विचारलं, "हे कोन होय रे?"

"आत्याबाई, तुमीच तं. फुफाजीनं सुधरून देल्लं."

ती म्हणाली, "तुह्या बापाले रचना नावाची बहीन नव्हती."

मोठ्याने म्हणाली नाही. पण आसपासच्या चारपाच बायकांनी ऐकलं आणि त्या माझ्याकडे बघायला लागल्या. पुनाराम गडबडला. मी पुढे होऊन म्हटलं की लोकांना कळावं म्हणून केलं. ती म्हणाली, "दादाले कळलं असतं काय?" आणि मागच्या अंगणात भांडी घासायला बसली. तेरवीच्या घरी पाहुणी म्हणून आलेल्या बहिणीने भांडी घासायची काही गरज नव्हती. पुनारामची बायको उठवायला गेली, तरी ती उठली नाही.

३० नोव्हेंबर

कार्डातल्या नऊ चुका मी बरोबर काढल्या. दहावी चूक चूक नव्हती असं आता वाटतं. पण कार्ड छापलं गेलं, वाटलं गेलं.

३ डिसेंबर

नाव ठरलं. प्रियंकाने मोबाइलवर शोधलं: अनाहिता. "पापाजी, पर्शियन है. यूनिक भी है, और बोलने में आसान." मी प्राचीन इराणी धर्मग्रंथांपर्यंत जाऊन तपासलं. तिथे हे नाव खरंच आहे. अर्थ निर्मळ, निष्कलंक. पाण्याची आणि नद्यांची देवता. अस्सल, जुनं, चार अक्षरी, स्पेलिंग सोपं. मी मान्यता दिली. प्रीतमलाही आवडलं.

तिला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. तिने अर्थ विचारला. मी सांगितला.

"म्हनजे हे बी नदीच होय?"

"एका अर्थी हौ."

"कोठची?"

"इरानकडची. लय दूरची."

"बरं," ती म्हणाली आणि पोळी उलटली. तव्यावरची पोळी करपली होती. तिच्या हातून सहसा करपत नाही.

४ डिसेंबर

काल रात्री झालं ते भांडण नव्हे, साधं बोलणं. मी विचारलं की तू नाराज आहेस का. ती म्हणाली, "मी काहून नाराज होऊ? पोरगी त्यायची हाय. नाव त्यायनंच ठेवाव." मी म्हटलं, मग झालं तर. ती म्हणाली, "माह्यं बी माह्या घरच्यायनंच ठेवलं होतं."

चूक झाली असं म्हणायचं, तर एकोणचाळीस वर्षांनी म्हणून काय उपयोग? सगळे कागद बदलायचे?

७ डिसेंबर

बारसं झालं. पन्नासेक माणसं. अंगणात पाळणा सजवला होता. प्रीतम एकटाच, त्याला बहीण नाही. म्हणून कानात नाव सांगायचं आत्याचं काम आजीने करायचं असं ठरलं. मी तिला सकाळी कागदावर मोठ्या अक्षरात 'अनाहिता' लिहून दिलं होतं आणि दोनदा म्हणवून घेतलं होतं. पहिल्यांदा 'अनायता' म्हणाली, दुसऱ्यांदा बरोबर म्हणाली.

ती पाळण्यावर वाकली. डाव्या हाताने पदराचा आडोसा केला. मी पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला, दोन हातांवर होतो. 'कुर्र' म्हणाली. मग नाव सांगितलं. ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. ओठ दोनदाच हलले. चार अक्षरांना दोनदा हलून भागत नाही. बाळाने डोळे उघडले आणि ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीवर बुक्के मारले, हसाहशी झाली, घुगऱ्या वाटल्या. प्रियंकाने माइकवर नाव जाहीर केलं. लोकांना आवडलं.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "पूरं नाव सांगतलं नं?"

"तिले लागते तेवढं सांगतलं."

गोंगाटात घाई झाली असेल. तसंही जन्म प्रमाणपत्रावर काय लिहिलं जातं तेच खरं.

९ डिसेंबर

प्रीतम उकव्याला गेला. घरात शांतता आहे. वही पूर्ण करायला बसलो. सगळी नावं झाली, आता आपलीही दोन घ्यावीत असं वाटलं.

'रचना' घेतलं. मूळ, अर्थ, रूपं सोपी होती. 'वापर' या रकान्यात अडलो. मतदार यादी, आधार, राशन कार्ड, गॅसचं पुस्तक, पासबुक, तेरवीचं कार्ड. हे सगळं लेखी. तोंडी वापर कोण करतं? प्रीतम आई म्हणतो. प्रियंका मम्मीजी म्हणते. शेजारी भाभीजी किंवा मास्तरीणबाई म्हणतात. महागूदादा गोदी म्हणायचा. माझ्या आईने तिला शेवटपर्यंत 'वं पोरी' म्हटलं. आणि मी. मी 'ऐकलं काय' म्हणतो, 'अवो' म्हणतो, लोकांसमोर 'प्रीतमची आई' म्हणतो. खूप आठवून पाहिलं. मी स्वतः निवडलेल्या, तांदळात लिहिलेल्या नावाने मी तिला एकदाही हाक मारलेली नाही. लाज वाटायची सुरुवातीला. नंतर सवयच लागली नाही.

म्हणजे तिचं एक नाव मी घेतलं आणि दिलेलं दुसरं कुणीच वापरलं नाही. ही गोष्ट मला एवढ्या वर्षांत कळायला हवी होती. तिला कधीपासून माहीत आहे कोण जाणे.

आज जेवण गेलं नाही. ऊन खात बसलो.

११ डिसेंबर

दोन दिवस ठरवत होतो. कागद बदलणार नाही, तो विचार सोडला. पण हाक मारायला कागद लागत नाही. तोंडाला वळण नाही एवढंच. काल गच्चीवर कपडे वाळत घालताना एकटा असताना दोन-तीनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या कुणाची तरी वस्तू विचारल्याशिवाय उचलल्यासारखं वाटलं.

आज सकाळी प्रियंका आंघोळीला गेली होती. बाळ आतल्या खोलीत, तीही तिथेच. मला चहा हवा होता. 'ऐकलं काय' तोंडात आलेलं गिळलं. बैठकीच्या दारात उभा राहिलो आणि हाक मारली, "गोदा."

आवाज हवा तसा निघाला नाही. पुन्हा मारली, थोडी मोठ्याने. "गोदा."

आतून ती दबक्या आवाजात म्हणाली, "हळू बोला नं. आत्ताच झोपली ते."

मी दारातच थांबलो. आत पाळण्याची दोरी करकरत होती. तिने एवढ्या सहज उत्तर दिलं की, घरात गोदा एकच आहे आणि ती झोपली आहे, यात तिला काही शंका नव्हती. मी हाक मारली म्हणजे ती आपल्याला असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. मला फार वाईट वाटलं. तुलाच हाक मारली होती, असं आत जाऊन सांगावं असं वाटलं, आणि धीर झाला नाही.

"झोपू दे तिले," मी म्हणालो.